डायनोसॉरची जुनी चित्रे: शेपटी जमिनीवर का टेकली होती?

डायनोसॉरचे जुने सचित्र पुस्तक हाती आले, की प्रकाशनाचे वर्ष नंतर बघावे. आधी शेपटी बघावी. शेपटी जमिनीवर टेकवून ताठ उभा राहिलेला प्राणी आणि शेपटी हवेत तोलून पुढे झुकलेला प्राणी यांच्यामध्ये जवळजवळ शंभर वर्षांचे संशोधन आहे. जुन्या चित्रकारांनी काहीतरी कल्पून रंगवले असे सहज म्हटले जाते, पण ते खरे नाही. यातली बहुतेक माणसे त्यांच्यासमोर असलेल्या हाडांशी प्रामाणिक होती. हाडेच अपुरी होती.

सुरुवात १८३० सालची. हेन्री डी ला बेश या इंग्रज भूशास्त्रज्ञाने ‘दुरिया अँटिक्विअर’ हे जलरंगातले चित्र काढले. जीवाश्म शोधून विकणाऱ्या मेरी ॲनिंगने खणून काढलेल्या जीवाश्मांवर ते आधारलेले होते आणि त्याच्या शिळाछापाच्या प्रती विकून आलेले पैसे तिलाच देण्यात आले. त्यात डायनोसॉर नाहीत. इक्थिओसॉर आणि प्लेसिओसॉर हे समुद्रात राहणारे सरपटणारे प्राणी एकमेकांचे लचके तोडताना दिसतात. डायनोसॉर हा शब्दच रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२मध्ये घडवला. पुढे १८५४मध्ये लंडनजवळ सिडनहॅमला शिल्पकार बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्सने केलेले प्राचीन प्राण्यांचे पूर्णाकृती पुतळे उभे राहिले. त्यातला इग्वानोडॉन हा शाकाहारी डायनोसॉर चार पायांवर उभा आहे, गेंड्यासारखा भारदस्त, आणि त्याच्या नाकावर शिंग आहे.

ते शिंग म्हणजे अंगठ्याचे हाड होते. हे कळले १८७८मध्ये, बेल्जियममधल्या बर्निसार्टच्या कोळसा खाणीत सुमारे ३२२ मीटर खोलीवर इग्वानोडॉनचे अनेक सांगाडे मिळाले तेव्हा. लुई डोलोने त्यांचा अभ्यास केला आणि शिंग नाकावरून हातावर आले. पण त्याच वेळी दुसरी चूक घडली. सांगाडा मागच्या दोन पायांवर, कांगारूसारखा शेपटीवर रेलून उभा करण्यात आला. या प्राण्याच्या शेपटीत हाडांसारखे कडक झालेले स्नायुबंध असतात, त्यामुळे ती तशी वाकूच शकत नाही. ताठ उभे करण्यासाठी सांगाड्यात ती बळेच वाकवावी लागली. चित्रकार मात्र संग्रहालयात उभा असलेला सांगाडा बघून चित्र काढत. एकदा लोखंडी आधारावर जे उभे राहिले, ते पुढची अनेक दशके पुस्तकांतही तसेच उभे राहिले.

बोटांचेही तसेच. न्यूयॉर्कच्या संग्रहालयात १९१५मध्ये टायरॅनोसॉरसचा सांगाडा उभा केला, तेव्हा त्याचा पंजा सापडलेलाच नव्हता, म्हणून हाताला तीन बोटे दिली गेली. त्याच्या नात्यातल्या गॉर्गोसॉरसला दोनच बोटे असल्याचे १९१४मध्येच दिसले होते. जुन्या पुस्तकात तीन बोटांचा टायरॅनोसॉरस दिसला, तर चित्रकाराने बहुधा त्या सांगाड्याकडे किंवा त्यावरून आधी काढलेल्या चित्राकडे पाहिले आहे.

अमेरिकी चित्रकार चार्ल्स नाइट (१८७४–१९५३) यांच्याकडे थोडे थांबून पाहायला हवे. लहानपणी उजव्या डोळ्याला खडा लागला होता आणि नजरही मुळात कमजोर होती. ते आधी मातीचे छोटे नमुने घडवत, ते उन्हात ठेवून सावल्या बघत आणि मग रंगवायला बसत. त्यांच्या प्राण्यांना वजन आहे ते यामुळे. पोटाखालची सावली आणि मांडीवर पडलेला प्रकाश हे अंदाजाने काढलेले नाहीत. १८९७च्या त्यांच्या चित्रात दोन लेलाप्स (मांसाहारी डायनोसॉर) झुंजताहेत, एक उताणा पडलाय आणि दुसऱ्याने त्याच्यावर झेप घेतलीय. चपळ डायनोसॉरची कल्पना तेव्हाही होती, फक्त ती पुढे मागे पडली. शिकागोच्या फील्ड म्युझियमसाठी त्यांनी १९२६ ते १९३० या काळात २८ भित्तिचित्रे केली, आणि नंतरच्या असंख्य पुस्तकांतले टायरॅनोसॉरस–ट्रायसेराटॉप्स समोरासमोर उभे राहिले ते त्यातल्या एका चित्रावरून.

चेकोस्लोव्हाकियातल्या झ्देन्येक बुरियान यांनी महाकाय ब्रॅकिओसॉरस खोल पाण्यात उभा रंगवला, फक्त डोके वर. एवढे वजन जमिनीवर पेलणार नाही, असे तेव्हा बहुतेकांचे मत होते. १९५१मध्ये केर्मॅक या संशोधकाने आक्षेप घेतला, की इतक्या खोलीवर पाण्याचा दाब छातीवर पडला तर श्वासच घेता येणार नाही. त्याआधीच, १९३८मध्ये, रोलंड बर्ड यांना टेक्सासच्या पलक्सी नदीपात्रात अशाच प्राण्यांच्या पाऊलखुणा मिळाल्या होत्या. शेपटी घासल्याची खूण तिथे नव्हती. पण शेपटी पाण्यावर तरंगत असेल, असा अर्थ लावून पाण्यातला प्राणी पाण्यातच ठेवला गेला. पुरावा समोर असूनही चित्र का बदलत नाही, ते इथे दिसते.

पुस्तकाचे साल फसवते ते नकलेमुळे. येल विद्यापीठाच्या पीबॉडी संग्रहालयात रुडॉल्फ झालिंगर यांनी १९४३ ते १९४७मध्ये ११० फूट लांब, १६ फूट उंच भित्तिचित्र कोरड्या गिलाव्यावर रंगवले. ‘लाइफ’ साप्ताहिकाने १९५३मध्ये जे छापले, ते मात्र त्याआधी केलेले छोटे कच्चे चित्र होते, आणि दोन्हींत तपशिलांचे फरक आहेत. त्यामुळे घरोघरी पोचले ते कच्चे चित्र. नक्कल ओळखायची, तर संशयित चित्राची छपाई आरशात धरून मूळ चित्राशी ताडून पाहा, कारण अनेकदा प्राणी उलटा करून घेतलेला असतो. पुढे टाकलेला पाय, जबड्याचा कोन आणि मागचे झाड जुळले, तर साल पुस्तकाचे असो, चित्र जुनेच आहे. नावेही अशीच मागे राहतात. ब्राँटोसॉरस म्हणजे अपॅटोसॉरसच, असे एल्मर रिग्ज यांनी १९०३मध्ये दाखवले, तरी पुस्तकांतून ते नाव हटले नाही. २०१५मध्ये काही संशोधकांनी तो स्वतंत्र प्राणी असल्याचे पुन्हा मांडले.

आता दहापट भिंग घ्या. एकोणिसाव्या शतकातल्या लाकडी ठशाच्या चित्रात रेषा कोरलेल्या दिसतात आणि मोठ्या चित्रात कधी सरळ, बारीक पांढरी फट दिसते: लहान ठोकळे जोडून केलेल्या ठशाचा तो सांधा. शिळाछापात खडूसारखा कण दिसतो, ठिपक्यांची जाळी नसते. चार रंगांच्या ऑफसेट छपाईत निळा, किरमिजी, पिवळा, काळा या ठिपक्यांची फुले दिसतात. कडेला एखाद्या रंगाची किनार बाहेर आली असेल, तर छपाईत रंग एकमेकांवर नीट बसलेले नाहीत, त्यात चित्रकाराचा हात नाही. काही पुस्तकांत दोन पाने रंगीत आणि पुढची दोन काळीपांढरी असतात, कारण कागदाच्या एकाच बाजूला चारही रंग छापत आणि खर्च वाचवत.

रंगांवर मत देण्याआधी मुखपृष्ठ आणि आतले पान शेजारी धरा. उन्हात पिवळा आणि किरमिजी आधी उडतात, म्हणून मुखपृष्ठ निळसर झालेले असते. हिरवट-करडी कातडी ही मात्र त्या काळाची अटकळच आहे. जीवाश्मातल्या रंगद्रव्याच्या सूक्ष्म कणांवरून पिसे असलेल्या काही डायनोसॉरचे रंग पहिल्यांदा सांगता आले ते २०१०मध्ये.

शेपटी वर आली ती १९६९मध्ये. अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ जॉन ऑस्ट्रॉम यांनी डायनोनिकस या मांसाहारी डायनोसॉरचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या शेपटीत हाडांच्या लांब काड्या होत्या, त्यामुळे ती काठीसारखी ताठ राही. सोबतच्या चित्रात रॉबर्ट बॅकर यांनी तो धावताना दाखवला. बालपुस्तकांपर्यंत हा बदल सावकाश पोचला, म्हणून १९७०च्या दशकातल्या एकाच पुस्तकात दोन्ही प्रकारच्या शेपट्या सापडतात. असे पुस्तक मिळाले तर जपून ठेवा. त्याची पाने स्कॅन करताना ६०० डीपीआय (एका इंचात ६०० ठिपके) ठेवा, नाहीतर ठिपक्यांच्या जाळीवर नागमोडी पट्टे उमटतात. पानामागे काळा कागद घाला, म्हणजे पाठची छपाई दिसणार नाही. चिकटवलेली बांधणी असेल तर काचेवर दाबू नका. जुना डिंक वाळून ठिसूळ झालेला असतो आणि पाने गठ्ठ्याने सुटतात.