अमेरिकन कॉलेजच्या संघात खेळायचंय? एनसीएएची पात्रता, कागदपत्रं आणि कोचच्या हातातला निर्णय

दहावीचा निकाल लागला की टेनिस, पोहणं, गोल्फ, ॲथलेटिक्स खेळणाऱ्या मुलांच्या घरात एक प्रश्न हमखास निघतो: खेळाच्या जोरावर अमेरिकेत शिकता येतं म्हणतात, ते नेमकं कसं? उदाहरणं डोळ्यांसमोर असतात. सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ अशी सलग दोन वर्षं एनसीएएचं, म्हणजे अमेरिकन कॉलेजांच्या खेळांचं नियमन करणाऱ्या मुख्य संघटनेचं, एकेरीचं विजेतेपद जिंकलं. तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटकडून उंच उडीत २०१८ आणि २०२२ साली विजेता झाला. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून टेनिस खेळला.

यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक पालक त्या एकच धरून चालतात. पात्रता एनसीएए ठरवते, निवड कोच करतो. पहिल्या गोष्टीला नियम आहेत, कागद आहेत, तारखा आहेत. दुसरीला मेरिट लिस्ट नाही, कट-ऑफ नाही, आणि ‘माझ्या मुलीला का घेतलं नाही’ असं विचारायला खिडकीही नाही. सीईटीच्या फेऱ्या आणि गुणवत्ता यादी यांची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे पचायला जड जातं. म्हणून आधी पात्रता, मग कोच, या क्रमाने सांगतो.

कोणती संघटना, कोणता खेळ

एनसीएएमध्ये तीन डिव्हिजन आहेत. डिव्हिजन एक आणि दोनमध्ये खेळाची स्कॉलरशिप मिळते. डिव्हिजन तीनमध्ये ती नसते. तिथे गरजेनुसार किंवा अभ्यासाच्या गुणवत्तेवर आर्थिक मदत मिळते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरे आयव्ही लीगची कॉलेजं डिव्हिजन एकमध्ये असूनही खेळाची स्कॉलरशिप देत नाहीत. एनएआयए ही वेगळी संघटना आहे, तिची नोंदणीही वेगळी.

क्रिकेट, कबड्डी, बॅडमिंटन आणि टेबल टेनिस यांच्या एनसीएए अजिंक्यपद स्पर्धा होत नाहीत, त्यामुळे त्या वाटेने प्रयत्न करण्यात वेळ घालवू नका. मुंबईची मुलं ज्या स्क्वॉशसाठी जातात, त्याची कॉलेज अजिंक्यपद स्पर्धा कॉलेज स्क्वॉश असोसिएशन भरवते. त्यातली नावाजलेली बरीच कॉलेजं आयव्ही किंवा डिव्हिजन तीनमधली आहेत. म्हणजे तिथे कोचने पसंत केलं तरी फी कमी होईलच असं नाही. आर्थिक मदतीचा अर्ज स्वतंत्र करावा लागतो.

शैक्षणिक पात्रता: नववीपासूनचा हिशेब

डिव्हिजन एक किंवा दोनमध्ये खेळायचं तर एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरचं प्रमाणपत्र लागतं. हे सेंटर नववी ते बारावी ही चार वर्षं तपासतं आणि त्यांत १६ ‘कोअर कोर्स’ मोजतं. डिव्हिजन एकसाठी इंग्रजीची ४ वर्षं, गणिताची ३, विज्ञानाची २, या तीन विषयांपैकी कशाचंही आणखी १, सामाजिक शास्त्रांची २, आणि उरलेले ४ यांतलेच किंवा परकीय भाषा, तत्त्वज्ञान अशा विषयांचे. डिव्हिजन दोनला इंग्रजी ३ आणि गणित २ वर्षं पुरतं, मात्र इंग्रजी-गणित-विज्ञानातले जादा ३ लागतात. या कोअर विषयांची सरासरी चारपैकी किमान २.३ हवी, डिव्हिजन दोनला २.२. सॅट-एसीटी या प्रवेश परीक्षांची पात्रतेसाठीची अट एनसीएएने २०२३ मध्ये काढून टाकली. कॉलेजने प्रवेशासाठी मागितली तर तो भाग निराळा.

आपल्याकडची मुलं अडकतात ती गणितावर. राज्य मंडळात दहावीला गणिताच्या दोन पत्रिका असल्या तरी विषय एकच. नववी आणि दहावीची मिळून दोन वर्षं होतात. अकरावीला कला शाखा घेतली किंवा वाणिज्य शाखेत गणित सोडलं, तर सरळ हिशेबाने तिसरं वर्ष उरतच नाही. सरावाला वेळ मिळावा म्हणून सोपे विषय घेण्याचा सल्ला क्लबात सर्रास दिला जातो. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण डिव्हिजन एकचं दार तिथेच बंद होऊ शकतं. अकरावीचा फॉर्म भरण्याआधी हे बघा, बारावीनंतर बघून उपयोग नाही.

आपल्या टक्क्यांचं अमेरिकन सरासरीत रूपांतर सेंटर स्वतःच्या तक्त्यानुसार करतं. कन्सल्टंटकडून पैसे देऊन करून घेतलेलं रूपांतर ते ग्राह्य धरत नाही.

कागदपत्रं

खातं सेंटरच्या संकेतस्थळावर उघडायचं. सुरुवातीला मोफत प्रोफाइल पान पुरतं; एखाद्या कोचने खरा रस दाखवला की मग शुल्क भरून प्रमाणपत्राचं खातं करा. डिव्हिजन तीनला शैक्षणिक पात्रता कॉलेजच ठरवतं, परदेशी खेळाडूला मात्र तिथेही हौशी दर्जाचं, म्हणजे तो व्यावसायिक खेळाडू नसल्याचं, प्रमाणपत्र लागतं. खातं उघडलं की टास्क लिस्ट दिसते आणि काय बाकी आहे ते तीच सांगते.

लागतात ते कागद असे: नववी ते बारावीच्या चारही गुणपत्रिका, दहावी आणि बारावीची मंडळाची प्रमाणपत्रं, पासपोर्ट. मूळ कागद मराठीत असेल तर मूळ प्रत आणि तिचं ओळीस ओळ इंग्रजी भाषांतर, दोन्ही.

दहावी-बारावीचे कागद मंडळाचे, ते मिळतात. छळतात त्या नववी आणि अकरावीच्या गुणपत्रिका, कारण त्या शाळेच्या आणि ज्युनिअर कॉलेजच्या असतात. माझ्या भाचीच्या वेळी नववीची गुणपत्रिका सापडली ती पातळ, घडीवर फाटलेली, शाळेचा गोल शिक्का नेमका विज्ञानाच्या गुणांवर उमटलेला. शिवाय नावाचा घोळ. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाव आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर आडनाव एका ओळीत आणि उरलेलं सगळं दुसरीकडे. त्यात आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग शाळेत एक, पासपोर्टवर दुसरं. परदेशात बसलेल्या तपासनिसाला ही एकच मुलगी आहे हे कळणार कसं? आम्ही मुख्याध्यापकांकडून शाळेच्या लेटरहेडवर इंग्रजीत दाखला घेतला आणि गुणपत्रिकेची दुसरी प्रत काढली. त्यात तीन आठवडे गेले. हे काम दहावीच्या सुट्टीतच उरकून घ्या.

हौशी दर्जा आणि वाया जाणारं वर्ष

सेंटर दुसरी गोष्ट तपासतं ती हौशी दर्जा. आजवर कुठल्या संघांकडून, कुठल्या स्पर्धा खेळलात, किती बक्षीस मिळालं, खर्च कोणी केला, कोणाशी करार केला, हे सगळं भरावं लागतं. टेनिसमध्ये डिव्हिजन एकचा नियम बरीच वर्षं असा होता की प्रवेशाआधी वर्षाला १० हजार डॉलरपर्यंत बक्षिसाची रक्कम चालते; त्यापुढे स्पर्धेच्या प्रत्यक्ष खर्चापुरतीच घेता येते. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची टेनिसपटू रीस ब्रँटमायर हिने २०२१ च्या यूएस ओपनमध्ये सुमारे ४९ हजार डॉलर मिळवले होते; त्यावरून अडवणूक झाल्यावर तिने २०२४ मध्ये एनसीएएला कोर्टात खेचलं. माझ्या मते तिचं म्हणणं रास्त आहे: अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या कॉलेजच्या मुलांना जाहिरातींतून लाखो डॉलर मिळत असताना घामाने जिंकलेलं बक्षीस तेवढं दोषी कसं? नियम हलता आहे, म्हणून प्रवेशाच्या वर्षीचा नियम कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसकडून (नियमपालन बघणारा विभाग) ईमेलवर घ्या, आणि प्रवास, हॉटेल, कोचिंग, रॅकेट-तारा यांच्या पावत्या सांभाळून ठेवा.

गॅप घेण्याचा विचार असेल तर आणखी एक सांगतो. बारावीनंतर वर्षभर स्पर्धा खेळून मग जाऊ, असं टेनिसच्या घरांत बोललं जातं. डिव्हिजन एकमध्ये बारावीनंतर साधारण एक वर्षाची सवलत असते, टेनिसला मात्र फक्त सहा महिन्यांची. त्यानंतर संघटित स्पर्धा खेळलात तर कॉलेजच्या खेळाचा हंगाम कमी होऊ शकतो. ऑगस्टच्या प्रवेशासाठी हौशी दर्जाच्या अंतिम प्रमाणपत्राची विनंती त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून करता येते. ती करायची राहून गेल्यामुळे सराव सुरू झाल्यावर बाकावर बसलेली मुलं आहेत.

कोच काय बघतो, आणि न्याय कुठे संपतो

डिव्हिजन एकच्या बहुतेक खेळांत कोचला दहावीनंतरच्या १५ जूनपर्यंत खेळाडूला स्वतःहून मेसेज किंवा ईमेल करायला बंदी आहे. कॅम्पची माहिती तेवढी पाठवता येते. मुलांनी मात्र कधीही लिहावं. तेव्हा नववीतल्या मुलाच्या ईमेलला उत्तर आलं नाही म्हणजे नकार मिळाला असं नाही. कोच नियम पाळतोय एवढाच त्याचा अर्थ. मुलांना हे आधी सांगा, ती उगीच खचतात.

ईमेल मुलानेच लिहावा, वडिलांनी नाही. चार ओळी, टेनिस असेल तर यूटीआर (खेळाडूचं जागतिक रेटिंग), पोहणं-धावणं असेल तर वेळ, गुण, बारावीचं वर्ष, सामन्याच्या व्हिडिओची लिंक. व्हिडिओत विजयी फटक्यांची माळ नको. हरलेला गुण आणि त्यानंतरची सर्व्हिसही दिसू द्या, कोच तेही बघतात.

निवडीत कोचला गुणवत्तेखेरीज बरंच बघावं लागतं. पुढच्या वर्षी किती जागा रिकाम्या होतायत, डावखुरी जोडीदार हवी आहे का, पैसे किती उरलेत, ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी) बावीस वर्षांचा तयार खेळाडू मिळतोय का. खेळाडूंच्या मोबदल्यावरून एनसीएएवर झालेल्या हाउस खटल्याची तडजोड ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मंजूर केली. तेव्हापासून त्यात सामील कॉलेजांत स्कॉलरशिपची मर्यादा गेली आणि खेळाडूंच्या संख्येची मर्यादा आली. टेनिसला १० खेळाडू. पूर्वी पुरुष टेनिसला ४.५ स्कॉलरशिप वाटून द्यायच्या, आता नियमाने दहाही जणांना पूर्ण देता येते. पण देता येते म्हणजे देतीलच असं नाही; बऱ्याच कॉलेजांकडे तेवढा पैसा नाही आणि जागा मात्र घटल्या. स्कॉलरशिपशिवाय संघात राहणाऱ्या मुलांवर याची कुऱ्हाड पडली. आपल्यासारख्या परदेशी मुलांमुळे जागा जातात अशी अमेरिकन पालकांचीही तक्रार असते, आणि त्यांचं दुखणं खोटं नाही.

कोचचा हा मोकळा अधिकार कसा विकला जाऊ शकतो ते २०१९ मध्ये जगाने पाहिलं. श्रीमंत घरांतल्या, तो खेळ कधी न खेळलेल्या मुलांना कोचनी लाच घेऊन ‘खेळाडू’ म्हणून यादीत घातलं. जॉर्जटाउनचे माजी टेनिस कोच गॉर्डन अर्न्स्ट यांना २०२२ मध्ये अडीच वर्षांची शिक्षा झाली, सूत्रधार रिक सिंगर याला २०२३ मध्ये साडेतीन वर्षांची. अशा प्रत्येक बोगस नावामागे एका खऱ्या खेळाडूची जागा गेली, आणि त्या मुलाला ते कळलंही नसेल. म्हणून मी एजंटबद्दल कडक बोलतो. ठरावीक फी घेऊन माहिती देणारी सेवा नियमात बसते. स्कॉलरशिपच्या टक्केवारीत पैसे मागणारा नियमाबाहेर आहे आणि त्याच्यामुळे मुलाची पात्रता धोक्यात येते. आमच्याकडे एकाने पंधरा टक्के मागितले होते. चहा पाजून परत पाठवलं.

ऑफर हातात आली की

नॅशनल लेटर ऑफ इंटेंट (खेळाडूला एका कॉलेजशी बांधणारं पत्र) १९६४ पासून होतं, ते ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं. आता लेखी आर्थिक मदतीचा करार हाच कागद. फोनवरच्या ‘यू आर माय गाय’ला काही किंमत नाही. आयव्हीमध्ये तर प्रवेश देण्याचा अधिकार फक्त ॲडमिशन ऑफिसला आहे, कोचला नाही.

‘चाळीस टक्के देतो’ म्हणाले की विचारा, कशाच्या चाळीस टक्के? समजा शिकवणी फी, राहणं, जेवण, विमा मिळून वर्षाला ६० हजार डॉलर. त्याचे ४० टक्के म्हणजे २४ हजार. उरलेले ३६ हजार दरवर्षी घरातून, चार वर्षांत १ लाख ४४ हजार. टक्के फक्त शिकवणी फीचे असतील तर घरचा वाटा आणखी वाढतो. ही उरलेली रक्कम आय-२० साठी (व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म) बँकेच्या कागदांनी दाखवावी लागते. आय-२० आला की सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे ३५० डॉलर, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, व्हिसा अर्जाचे १८५ डॉलर आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात मुलाखत. करार फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत राहून जाहिराती, प्रायोजक यांतून कमाई करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. सहखेळाडू करतो म्हणून आपण करू नये.

करार एक वर्षाचा आहे की चार वर्षांचा, हेही लेखी विचारा. कोच सोडून गेला तरी करार कॉलेजशी असतो, त्या मुदतीपुरते पैसे थांबत नाहीत. नवा कोच आला की पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी खरी धाकधूक. डिव्हिजन एकने ऑगस्ट २०२४ पासून हे संरक्षण वाढवलंय: खेळ खालावला किंवा दुखापत झाली म्हणून स्कॉलरशिप काढता येत नाही.

कोचने खेळवलं नाही तर दाद मागता येत नाही. स्कॉलरशिप कमी केली, काढली किंवा पुढे चालू ठेवली नाही तर मात्र मागता येते. नूतनीकरणाचा निर्णय १ जुलैपर्यंत लेखी कळवावा लागतो, आणि नकार असेल तर सुनावणी कशी मागायची हेही कळवावं लागतं. सुनावणी घेणारे क्रीडा विभागाबाहेरचे असतात. बहुतेक मुलं त्या दिवसांत सुट्टीसाठी भारतात असतात आणि कॉलेजचा ईमेल उघडतही नाहीत. मुदत थोडी असते. पत्र आलं त्याच दिवशी, दोन ओळींत का होईना, ‘मला सुनावणी हवी आहे’ असा ईमेल फायनान्शियल एड ऑफिसला करा आणि प्रत कम्प्लायन्स ऑफिसला ठेवा.