आइस शेल्फवरील हिमसंशोधन

जमिनीवरचा हिमस्तर किंवा हिमनदी किनाऱ्यावर न थांबता समुद्रावर पुढे सरकते आणि पाण्यावर तरंगू लागते. मागे जमिनीवरच्या बर्फाशी अखंड जोडलेल्या या जाड, तरंगत्या पट्ट्याला आइस शेल्फ म्हणतात. हिवाळ्यात समुद्राचेच पाणी गोठून होणारा सागरी बर्फ वेगळा. तो सहसा मीटर-दोन मीटर जाडीचा असतो. बातम्यांत दोन्हींची सर्रास गल्लत होते. आइस शेल्फची जाडी शेकडो मीटर असते आणि जमिनीच्या बाजूला ती हजार मीटरपलीकडेही जाते. त्याचा तुटून सुटा झालेला तुकडा म्हणजे हिमनग.

अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग अशा शेल्फांनी वेढलेला आहे. सर्वांत मोठे रॉस आइस शेल्फ. त्याचा विस्तार महाराष्ट्राच्या साधारण दीडपट. १८४१ च्या जानेवारीत ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स क्लार्क रॉस ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही जहाजे घेऊन दक्षिणेकडे निघाला, तेव्हा याच बर्फाच्या सरळसोट कड्याने त्याची वाट अडवली. खालोखाल फिल्श्नर-रॉने. उत्तर ध्रुवाकडे मात्र फारसे काही उरलेले नाही. कॅनडाच्या एल्समियर बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर थोडे तुकडे आहेत. त्यांतल्या मिल्न शेल्फचा मोठा भाग २०२० च्या उन्हाळ्यात निखळला.

तरंगता बर्फ वितळला म्हणून समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही. तरीही त्याच्या अभ्यासावर एवढा खर्च होतो, कारण शेल्फ हा मागच्या हिमनद्यांना लागलेला टेकू आहे. उपसागराच्या दोन्ही काठांना घासत आणि समुद्रतळावरच्या उंचवट्यांना अडत तो उभा असतो, त्यामुळे मागचा बर्फ सावकाश येतो. टेकू गेला की हिमनद्या वेग घेतात, आणि जमिनीवरचा बर्फ समुद्रात आला की पातळी वाढते. हा टेकू किती भक्कम आहे ते मुख्यतः त्याच्या खालच्या बाजूवर ठरते. ती बाजू तर अंधारात, शेकडो मीटर बर्फाखाली. हिमनदीतज्ज्ञाची बहुतेक मेहनत वर उभे राहून खालचा अंदाज घेण्यातच जाते.

खाली चालते ते थोडे चक्रावणारे आहे. समुद्राचे पाणी पृष्ठभागावर सुमारे उणे १.९ अंश सेल्सिअसला गोठते. खोलीबरोबर दाब वाढतो आणि गोठणबिंदू उतरतो. दर हजार मीटरला साधारण पाऊण अंश. म्हणून गोठण्याच्या बेतात असलेले, खारट आणि जड पाणी शेल्फखाली खोलवर घसरले की तेच तिथल्या बर्फाला ‘गरम’ ठरते आणि त्याला वितळवते. वितळलेल्या गोड्या पाण्याच्या मिश्रणाने ते हलके होऊन शेल्फच्या तळाला लागून वर सरकू लागते. वर येता येता दाब कमी होतो, गोठणबिंदू चढतो, आणि तेच पाणी आता गोठणबिंदूच्या खाली सापडते. त्यात बर्फाचे बारीक कण धरतात आणि शेल्फच्या पोटाला जाऊन चिकटतात. एका जागी बर्फ खरवडून दुसऱ्या जागी लिंपणाऱ्या या यंत्रणेला अभ्यासक ‘आइस पंप’ म्हणतात. पूर्व अंटार्क्टिकातील एमेरी शेल्फखाली असा लिंपलेला बर्फ भरपूर आहे. भारताचे भारती स्थानक ज्या प्रिड्झ उपसागराच्या काठी आहे, तिथेच हे शेल्फ समुद्राला भिडते. हिरवट झाक असलेले काही हिमनग या बर्फाचे असतात.

पश्चिम अंटार्क्टिकालगतच्या अमुंडसेन समुद्रात अशा सूक्ष्म हिशेबाची गरज पडत नाही. तिथे शून्याच्या वर अंशभर तापमानाचे खोल सागरी पाणी थेट शेल्फखाली शिरते. पाइन आयलंड आणि थ्वेट्स या हिमनद्यांची शेल्फ काही ठिकाणी वर्षाला दहादहा मीटरच्या हिशेबात खालून झिजतात, ती याच पाण्याने.

मोजमापाची सुरुवात हिम तोलण्यासारख्या अगदी साध्या कामाने होते. उपग्रह शेल्फच्या पृष्ठभागाची समुद्रसपाटीपासूनची उंची मोजतो. तरंगत्या बर्फाचा जवळपास नऊ दशांश भाग पाण्याखाली असल्यामुळे त्या उंचीवरून जाडी काढता येते; पण उंचीत एक मीटर चूक झाली तर जाडीत नऊ-दहा मीटरची पडते. शिवाय वरचे काही दशक मीटर म्हणजे घट्ट बर्फ नव्हेच. ते वर्षानुवर्षे साचून दबत चाललेले, हवा अडकलेले हिम असते; त्याला फर्न म्हणतात. त्याची घनता ठाऊक नसेल तर उपग्रहाचा आकडा फसवतो. म्हणून संशोधक फावडे घेऊन खड्डा खणतात. सावलीतली भिंत ब्रशने साफ करायची, ठरावीक घनफळाची धातूची नळी आडवी खुपसायची, आतले हिम पिशवीत काढून तोलायचे, वहीत आकडा लिहायचा, मग दहा सेंटिमीटर खाली पुन्हा तेच. वाऱ्यात बोटे वळत नाहीत आणि तराजू स्थिर राहत नाही. अवकाशातून येणाऱ्या महागड्या आकड्याचा भरवसा या तोलण्यावर असतो, हे बाहेरच्यांना फारसे माहीत नसते.

तळाची झीज मोजायला अलीकडे फेज-संवेदी रडार वापरतात. बर्फावर दोन अँटेना, मधे पेटीएवढे यंत्र आणि बॅटरी. ते ठरावीक वेळाने खाली रेडिओ लहर सोडते आणि तळावरून परतलेल्या लहरीच्या कलेतील (फेजमधील, म्हणजे तिच्या चढ-उताराच्या टप्प्यातील) फरकावरून जाडीतला मिलिमीटरचा बदलही टिपते. एक पेच उरतोच. शेल्फ आपल्याच वजनाने चहूकडे पसरते आणि त्यामुळेही पातळ होते. बर्फाच्या आतल्या थरांवरून येणारे प्रतिध्वनी पाहून हे ताणले जाणे वेगळे काढायचे, उरेल ती झीज. यंत्र हिवाळाभर तिथेच राहते. पुढच्या मोसमात ते हिमाखाली गाडलेले असते, आणि खूण म्हणून रोवलेल्या बांबूचे टोक दिसले तरच लवकर सापडते.

प्रत्यक्ष खाली पोहोचायचे तर गरम पाण्याने भोक पाडावे लागते. टाकीत फावड्याने हिम भरायचे, वितळवून तापवायचे आणि दाबाने लांब नळीतून खाली सोडायचे. फूटभर रुंदीचे भोक तयार होते. ते लगेच कडेने गोठायला लागते, त्यामुळे रात्रंदिवस पाळ्या लावून काम उरकावे लागते. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकी चमूने रॉस शेल्फच्या आतल्या टोकाला, व्हिलन्स हिमप्रवाह तरंगायला लागतो तिथे, सुमारे ७४० मीटर बर्फातून कॅमेरा सोडला. सूर्यप्रकाश कधीच न पोहोचणाऱ्या त्या पाण्याच्या पातळ थरात मासे फिरताना दिसले. हिमनदीतज्ज्ञ तिथे गाळ आणि पाणी बघायला गेले होते.

थ्वेट्सवर जानेवारी २०२० मध्ये अशाच सुमारे ६०० मीटर खोल भोकातून ‘आइसफिन’ हा सडपातळ रोबो उतरवला गेला. २०२३ मध्ये आलेले निष्कर्ष अपेक्षेपेक्षा गुंतागुंतीचे होते. तळ सपाट होता तिथे गोड्या, थंड पाण्याचा थर बर्फाला जपत होता आणि झीज अंदाजाहून कमी होती. भेगांत आणि पायऱ्यांसारख्या उभ्या बाजूंवर मात्र ती जोरात होती. अशी यंत्रे परत येतीलच असे नाही. ब्रिटनचे ‘ऑटोसब-२’ २००५ मध्ये फिम्बुल शेल्फखाली अडकून राहिले. स्वीडनच्या ‘रान’ने २०२२ मध्ये डॉटसन शेल्फच्या तळाचे तपशीलवार नकाशे मिळवले, आणि २०२४ च्या जानेवारीत ते त्याच शेल्फखालून परतले नाही.

माणसांना मुख्य धोका भेगांचा. हिमाच्या पातळ पुलाखाली भेग दिसत नाही, म्हणून वाहनापुढे रडार धरतात, दोरीने बांधून चालतात आणि मोहिमेआधी भेगेतून माणूस काढण्याचा सराव होतो. दुसरा धोका कड्याचा. नॉर्वे-ब्रिटन-स्वीडन यांच्या १९४९–५२ च्या मोहिमेत धुक्यामुळे एक वाहन शेल्फच्या काठावरून समुद्रात गेले आणि तिघे बुडाले.

शेल्फवर घर बांधणे हेही जिकिरीचे. ब्रंट शेल्फवरच्या हॅली स्थानकातील नोंदींवरून १९८५ मध्ये ओझोनचे छिद्र जाहीर झाले. पण पहिली चार हॅली स्थानके एकामागून एक हिमाखाली गाडली गेली. सहावे स्थानक स्की लावलेल्या हायड्रॉलिक पायांवर उभे केले. बरीच वर्षे निपचित असलेली भेग २०१२ नंतर वाढू लागली, तेव्हा २०१६-१७ मध्ये ते आत २३ किलोमीटर ओढून नेले. ती भेग २०२३ च्या जानेवारीत शेल्फ ओलांडून गेली आणि सुमारे १,५५० चौरस किलोमीटरचा हिमनग सुटला. भारताचे पहिले स्थानक ‘दक्षिण गंगोत्री’ हेही शेल्फवरच, १९८३-८४ च्या मोहिमेत उभारलेले. काही वर्षांत तेही हिमात गाडले गेले. ‘मैत्री’ या पुढच्या स्थानकासाठी शिर्माकर ओएसिसचा उघडा खडक निवडला गेला तो या अनुभवानंतर.

शेल्फ कोसळू शकते, हा इशारा हिमनदीतज्ज्ञ जॉन मर्सर यांनी १९७८ मध्ये दिला होता: उन्हाळी तापमान वाढले की अंटार्क्टिक द्वीपकल्पावरची शेल्फ उत्तरेकडून फुटू लागतील. १९९५ मध्ये याच द्वीपकल्पावरचे लार्सन ए शेल्फ गेले. २००२ च्या सुरुवातीला लार्सन बीचे सुमारे ३,२५० चौरस किलोमीटर, साधारण २०० मीटर जाडीचे, महिन्याभरात विखुरले. इथे घात वरून झाला. उन्हाळ्यात साचलेली वितळपाण्याची तळी भेगांत उतरली. पाणी बर्फाहून जड, त्यामुळे भरलेली भेग पाचरीसारखी खोल फाटत गेली. मागच्या हिमनद्यांचा वेग नंतर कित्येक पटींनी वाढला आणि टेकूची कल्पना कागदावरून प्रत्यक्षात दिसली. २०१७ मध्ये लार्सन सीवरून सुटलेला ए-६८ हा महाकाय हिमनग जगभर गाजला. अभ्यासकांच्या लेखी ती बरीचशी नेहमीची झड होती.

भारतात या कामाचे मुख्य ठिकाण गोव्यात, वास्को द गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. पहिली भारतीय मोहीमही डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहूनच निघाली. आज मैत्रीसाठीचे सामान जहाजातून शेल्फच्या काठावर उतरते आणि साखळी वाहनांच्या ताफ्याने सुमारे शंभर किलोमीटर आत जाते. या क्षेत्रात येणारे भूविज्ञान, भौतिकी, सागरविज्ञान किंवा दूरसंवेदनातून येतात, आणि गणित कच्चे असून चालत नाही. बर्फावरचे आठवडे थोडे असतात. वर्षाचा बाकी काळ लहरींच्या नोंदींतून वाऱ्याचा, भरती-ओहोटीचा आणि यंत्राच्या खोडींचा हिस्सा वजा करण्यात जातो.