पुढचा पुठ्ठा, पुढची चादर

"मामा, बघा की. प्रोग्राम चालतोय, चूक कुठलीच दाखवत नाही, पण एक डागी चादर यादीत उरतेच."

भाची इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. सरावासाठी तिने पायथन या प्रोग्रामिंग भाषेत पाच सोलापुरी चादरींची यादी केली होती. तिसरी आणि चौथी डागी. लूप, म्हणजे तेच काम एकेका वस्तूवर पुन्हा पुन्हा करणारी रचना, फिरवत डागी दिसली की ती यादीतून काढायची, एवढंच काम. तिसरी गेली, चौथी तशीच राहिली.

लूप स्वतःपाशी जागेचा आकडा धरून चालतो आणि पायथनची मोजणी शून्यापासून होते. म्हणजे तिसरी चादर जागा 2 वर. ती काढली की मागच्या चादरी एकेक घर पुढे सरकतात, चौथी जागा 2 वर येते. लूप मात्र जागा 3 कडे गेलेला असतो आणि तिथे आता पाचवी असते. चौथीकडे कुणी पाहिलंच नाही! दोन डागी चादरी शेजारी नसत्या, तर ही चूक कित्येक दिवस लपून राहिली असती. म्हणून ज्या यादीवरून फिरतोय तिच्यातूनच काही काढू नये. चांगल्या चादरी वेचून नवी यादी करावी:

चांगल्या = [चादर फॉर चादर इन चादरी इफ नॉट डागी(चादर)]

(फॉर, इन, इफ, नॉट हे शब्द प्रत्यक्षात रोमन लिपीतच टंकावे लागतात. नावं मात्र पायथन 3 मध्ये देवनागरीत चालतात, आणि नवशिक्यांनी ती जरूर वापरावीत असं मला वाटतं.)

तिचा दुसरा लूप मला जास्त खटकला. आय नावाचा आकडा शून्य धरायचा, तो यादीच्या लांबीपेक्षा लहान आहे तोवर फिरायचं, दर वेळी यादीतली आयवी वस्तू उचलायची, मग आयमध्ये एक मिळवायचा. मिळवायला विसरलात तर लूप थांबतच नाही. "लहान"च्या जागी "लहान किंवा समान" लिहिलंत तर पाच चादरींत सहावी शोधायला जातो आणि प्रोग्राम कोसळतो. हवी होती चादर, सांभाळत बसलो आकडा.

मी तिला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जॅकार्डचा माग दाखवायला नेलं. भोकं पाडलेले पुठ्ठे एकमेकांना ओवून त्यांची माळ केलेली असते. धोट्याच्या प्रत्येक फेरीला पुढचा पुठ्ठा समोर येतो, त्यावरच्या भोकांप्रमाणे उभे धागे उचलले जातात, नक्षी एक ओळ पुढे सरकते. सदतिसावा पुठ्ठा द्या, असं माग कधी मागत नाही. फ्रान्समधल्या जॅकार्डने हे यंत्र 1804 च्या सुमारास केलं. चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणकयंत्रासाठी हेच पुठ्ठे घेतले. तेच पुठ्ठे मागे नेऊन पुन्हा वापरायचे, ही युक्ती एडा लव्हलेसने त्याच गणकयंत्रावरच्या 1843 च्या टिपणांत मांडली आहे. आपला लूप तो हाच.

"फॉर चादर इन चादरी" लिहिलं की पायथन त्या मागासारखा पुढची चादर हातात देतो. ओळ वाचतानाच कळतं काय चाललंय. एक्स किंवा आय वाचून काय कळणार?

आकडा खरंच लागतो तेव्हा, समजा पावतीवर अनुक्रमांक छापायचा आहे, एन्युमरेट वापरावा. तो आकडा आणि वस्तू जोडीने देतो, आणि सुरुवात 1 पासून करायलाही सांगता येते. यादीतल्या त्याच जागी नवी किंमत ठेवायची असेल तर आकडा लागणारच, त्यात वावगं काही नाही.

दोन याद्या बरोबरीने चालवायला झिप आहे: एका हाती चादर, दुसऱ्या हाती दर. पण एक यादी आखूड असेल तर झिप तिथेच गुपचूप थांबतो आणि उरलेला माल हिशेबातून सुटतो. पायथन 3.10 पासून झिपला स्ट्रिक्ट = ट्रू असं बजावता येतं, मग लांबी जुळली नाही की तो चूक दाखवतो. घरी आल्यावर भाचीने ते घातलं आणि लगेच चूक आली. चादरी पाच होत्या, दर चारच लिहिलेले.