गिरकी आणि प्रदक्षिणा: पॅनोरामा म्हणजे मोझेक नव्हे

गुरूच्या युरोपा या चंद्राचे फोटो नेटवरून उतरवून घ्यायचे, पॅनोरामाच्या ॲपमध्ये टाकायचे आणि मग विचारायचं, "सर, कडा का जुळंनात?" परवा खानापूरच्या एका पोरानं हेच विचारलं. जुळणारच नाहीत. इथं करायचा असतो तो मोझेक, म्हणजे वेगवेगळ्या जागांवरून काढलेले फोटो जोडून केलेलं एक चित्र.

पॅनोरामा तुम्हाला येतोच. राजहंसगडाच्या माथ्यावर उभं राहायचं, येळ्ळूरच्या शिवारापासून फोन फिरवत न्यायचा. जागा एकच, गिरकी आपली.

आता तोच गड खालून बघा. पायथ्यानं फेरी मारत त्याचे फोटो काढा. पहिल्यात बुरूज समोर, तिसऱ्यात कडेला आक्रसलेला, पाचव्यात गायब. हे फोटो कडेला कड लावून कसे जोडणार? गॅलिलिओ यानानं युरोपाचे फोटो असेच घेतले, गुरूभोवतीच्या वेगवेगळ्या फेऱ्यांत, दर वेळी वेगळ्या अंतरावरून आणि कोनातून. त्यात युरोपा म्हणजे सुमारे ३,१०० किमी व्यासाचा गोळा. बर्फातले दोन कंगोरे एकमेकांना छेदतात ती जागा एका फोटोत सरळ फुलीसारखी दिसते. दुसऱ्यात ती गोळ्याच्या कडेला गेलेली असते, म्हणून मिटत आलेल्या कात्रीसारखी. ताणून, ओढून ती बसवू नका. यान त्या क्षणी कुठे होतं, कॅमेरा कुठे रोखलेला होता, याची नोंद नासाच्या 'स्पाइस' फायलींत असते. तिच्यावरून प्रत्येक पिक्सेलला अक्षांश-रेखांश द्यायचे. 'आयसिस' हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठीच आहे. नोंदीत थोडी चूक असतेच, ती अशाच फुल्या हातानं जुळवून काढायची. मग फुली आणि कात्री नकाशावर एकमेकांवर चपखल बसतात. जोडकाम त्यानंतर, आणि ते अगदी थोडं.

उजेडाचं म्हणाल तर सावल्या उलट्या पडलेल्या दोन फोटोंमधला सांधा लपवू नये, दिसू द्यावा. रंग कमी बारकाव्याच्या फोटोंतून आणि तपशील कृष्णधवल फोटोंतून घेतला तरी चालतं, फक्त तसं लिहा.

पण काळ्या राहिलेल्या जागा शेजारचा बर्फ चिकटवून भरणं मला अजिबात खपत नाही. गॅलिलिओचा मोठा अँटेना पूर्ण उघडलाच नाही. छोट्या अँटेनातून माहिती थेंबाथेंबानं आली, म्हणून बारकाव्याचे फोटो मोजकेच. तिथं काय आहे ते त्यानं दाखवलेलं नाही, तर तुम्ही कुठून दाखवणार? ती जागा काळीच ठेवा. नवं यान, युरोपा क्लिपर, २०२४ मध्ये निघालंय, २०३० मध्ये पोचेल.