गोव्यातला पोर्तुगीज पासपोर्ट: दिल्लीचा हिशोब वेगळा, लिस्बनचा वेगळा

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, पण तिथल्या लोकांच्या नागरिकत्वाचा हिशोब दिल्ली आणि लिस्बन (पोर्तुगालची राजधानी) आजही वेगवेगळा मांडतात, आणि ह्या फरकात हजारो घरं अडकलीयत म्हणून हे नीट लिहावंसं वाटलं.

भारताने २८ मार्च १९६२ ला आदेश काढला. जो स्वतः, किंवा ज्याचे आईवडील, आजीआजोबा यातलं कुणी २० डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलंय तो भारतीय, आणि ज्याला आधीचंच नागरिकत्व ठेवायचंय त्याने एका महिन्यात तसं लिहून द्यायचं. दिल्लीच्या दृष्टीने विषय तिथेच संपला.

लिस्बनमध्ये मात्र पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने हे मान्यच केलं नाही. १९७४ च्या एप्रिलमध्ये तिथली हुकूमशाही कोसळली, त्यानंतर ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार झाला, आपल्याकडून यशवंतराव चव्हाण (तेव्हा परराष्ट्रमंत्री) आणि त्यांच्याकडून मारियो सोआरेस (त्यांचे परराष्ट्रमंत्री), आणि पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. जमीन दिली, पण माणसांवरचा कायदेशीर धागा तोडला नाही. १९७५ मध्ये आफ्रिकेतल्या वसाहती स्वतंत्र होताना पोर्तुगालने तिथल्या बहुतेकांचं नागरिकत्व काढून घेतलं, पण गोव्यात जन्मलेल्यांना मात्र, तसं जाहीर केलं तर ते ठेवता येईल अशी सोय त्याच कायद्यात ठेवली. पुढे १९८१ च्या कायद्याने दुहेरी नागरिकत्वही चालतं असं झालं. म्हणून आजही जुना जन्मदाखला लिस्बनला पाठवून नोंद करता येते, आधी आईवडिलांची, मग मुलांची. यात धर्म बघत नाहीत, पेडणे-डिचोलीतल्या हिंदू घरांनाही तोच नियम.

आता भारताचं बघा. फाळणीच्या धामधुमीत नागरिकत्वाची कलमं लिहिली गेली, आंबेडकरांनी १९४९ मध्ये घटना समितीत सांगितलं होतं की ह्या कलमाने मसुदा समितीला फार डोकेदुखी दिली. कोण इकडचा कोण तिकडचा हेच ठरत नव्हतं, अशा वेळी दोन्हीकडे पाय नको हे तेव्हा समजण्यासारखं होतं. १९५५ च्या कायद्याचं कलम ९ सांगतं की स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप जातं, अर्ज करायची सुद्धा गरज नाही, आणि नियमांनुसार (आधी १९५६ चे, आता २००९ चे) दुसऱ्या देशाचा पासपोर्ट काढणं हाच त्याचा पुरावा.

म्हणजे पोर्तुगाल म्हणतो तू आधीपासूनच आमचा, आम्ही फक्त नोंद करतोय, आणि भारत म्हणतो तू आज आम्हाला सोडून गेलास. मग नुसती लिस्बनला जन्मनोंद झाली आणि पासपोर्ट काढलाच नाही तर काय? ह्यावरून गोव्यात वर्षानुवर्षं वाद चाललाय, मतदार यादीपासून निवडणुकीपर्यंत. मला वाटतं हे सरकारने स्पष्ट शब्दांत कायद्यातच लिहायला हवं होतं, लोकांनी एजंटांना विचारून ठरवायची ही गोष्ट नाही.

बाकी देशांचं थोडक्यात. ब्रिटनला १९४८ च्या कायद्यापासून दुहेरी चालतं, जर्मनी कित्येक वर्षं बहुतेकांना नाही म्हणत होता, त्याने जून २०२४ पासून दार उघडलं, जपान अजून एकावरच ठाम आहे, पाकिस्तान ब्रिटनसारख्या ठरावीक देशांबरोबर परवानगी देतो. भारताने मधला मार्ग काढला तो ओसीआय कार्डाचा (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांसाठीचं कार्ड), २००६ पासून. पण त्यात मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, त्यामुळे त्याला दुहेरी नागरिकत्व म्हणणं चूक आहे.

गोव्यातली मुलं पोर्तुगीज पासपोर्टवर बहुतेक पोर्तुगालला राहायला गेलीच नाहीत, ती गेली ब्रिटनला, स्विंडन, साउथॉल, कारण तेव्हा ब्रिटन युरोपियन युनियनमध्ये होता. ब्रेक्झिटनंतर नव्यांसाठी ती वाट बंद झाली. इकडे ज्यांनी पोर्तुगीज नागरिकत्वाची माहिती दिली नव्हती त्यांचे भारतीय पासपोर्ट रद्द व्हायला लागले, सरेंडर सर्टिफिकेट (भारतीय पासपोर्ट परत केल्याचा दाखला) मिळेना, आणि त्याशिवाय ओसीआयही मिळेना, म्हणजे स्वतःच्या गावात राहायचे वांधे. एप्रिल २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्ट रद्द झाल्याचा दाखलाच सरेंडरच्या जागी चालेल असं सांगितलं. ती सोय ओसीआयपुरती होती, नुसत्या जन्मनोंदीचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.