अमीरोचं आबादान

‘दवंदेह’ हा इराणी सिनेमा बघितला की सगळे त्या पोराबद्दलच बोलतात. अमीरो, आईबाप नाहीत, किनाऱ्यावर गंजत पडलेल्या बोटीत एकटाच राहतो, समुद्रात तरंगणाऱ्या बाटल्या गोळा करतो, बर्फाचं पाणी विकतो, बूटपॉलिश करतो. बरोबर आहे, पोरगं विसरता येतच नाही, माजिद निरुमंदनं काम पण तसंच केलंय. पण मला सांगायचंय ते त्याच्या मागच्या शहराबद्दल.

दिग्दर्शक अमीर नादेरी १९४६ चा, जन्म आबादानचा, लहानपणीच पोरका झालेला, म्हणजे अमीरो बराचसा तोच. आबादान इराणच्या नैऋत्येला, नदीपलीकडे थेट इराक. तिथली तेलाची रिफायनरी ब्रिटिश कंपनीनं उभी केली, १९१२ ला सुरू झाली आणि पुढं जगातली सगळ्यात मोठी म्हणून गाजली. सिनेमात टेबलांवर बसलेले गोरे लोक, परदेशी मासिकं, मोठाली जहाजं, विमानं दिसतात ना, ते सगळं या तेलामुळं आलेलं, आणि अमीरो त्या जहाजांना हात हलवत ओरडत असतो, ती कधीच थांबत नाहीत.

मग १९ ऑगस्ट १९७८ ला याच गावातलं रेक्स थिएटर पेटवून दिलं, सिनेमा चालू असताना, चारशेच्या आसपास माणसं गेली. इराणच्या १९७९ च्या क्रांतीची ठिणगी त्यातूनच भडकली असं बरेच जण म्हणतात. आणि १९८० च्या सप्टेंबरात इराकनं हल्ला केला, आबादानला वेढा पडला, तो उठेपर्यंत जवळजवळ वर्ष गेलं, रिफायनरीची तर पार वाट लागली. म्हणजे १९८४ मध्ये नादेरी स्वतःचं बालपण शूट करत होता तेव्हा ते बालपणाचं गाव युद्धात होतं, त्यामुळं शूटिंग दुसरीकडं आखाताच्या किनाऱ्यावर करावं लागलं. मला हे कळलं तेव्हा अख्खा सिनेमा परत बघितला.

पैसा कुठून आला तर ‘कानून’कडून. आपल्याकडचा कायदा नव्हे, फारसीत या शब्दाचा अर्थ केंद्र. मुलांच्या वाचनासाठी १९६५ ला निघालेली ही संस्था, इराणचा नावाजलेला दिग्दर्शक कियारोस्तामी, त्यानं सुरुवात इथंच केली, नादेरीनं पण क्रांतीआधी इथं ‘साझ दहनी’ हा सिनेमा केला होता. क्रांतीनंतर पडद्यावर बाई कशी दाखवायची यावरच इतकी बंधनं आली की पोरांच्या गोष्टीत जरा मोकळीक मिळायची. ‘दवंदेह’चं एडिटिंग दिग्दर्शक बहराम बेझाईचं, आणि लगेच त्यानं स्वतः ‘बाशू’ हा सिनेमा केला, त्यातला बाशू पण याच भागातला, बॉम्बहल्ल्यात घरदार गेलेला मुलगा.

‘दवंदेह’च्या शेवटी मागं तेलाच्या ज्वाळा, पुढं वितळत चाललेली बर्फाची लादी आणि पोरं जिवाच्या आकांतानं पळतायत. अमीरो पहिला पोचतो, बर्फ तोंडाला लावतो, आणि मग मागून आलेल्यांना देतो.