केसपेपर कोणाचा? रुग्णाच्या गोपनीयतेच्या हक्काची पार्श्वभूमी

फेब्रुवारी १९८९ मध्ये गोव्यात पोलिसांनी डॉमिनिक डिसोझा या तरुणाला ताब्यात घेतले. त्याने कोणताही गुन्हा केला नव्हता. तो रक्तदान करीत असे, आणि त्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्हीचा संसर्ग आढळला होता. ही गोष्ट त्याला स्वतःला कोणी समजावून सांगण्याआधीच सरकारी यंत्रणेकडे पोहोचली होती. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तेव्हा अशा व्यक्तीला सक्तीने अलग ठेवण्याची तरतूद होती आणि तिच्या आधारे त्याला एका जुन्या क्षयरोग रुग्णालयाच्या इमारतीत ६४ दिवस कोंडून ठेवण्यात आले. त्याची आई ल्युसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. त्याची सुटका झाली, पण न्यायालयाने ती तरतूद मात्र वैध ठरवली. आपल्याकडील रुग्णाच्या गोपनीयतेचा इतिहास सांगताना या प्रकरणापासून सुरुवात करावी लागते, कारण ज्याच्या शरीराची माहिती आहे त्याच्यापासून ती लपलेली आणि इतर सर्वांना खुली, ही आपल्या व्यवस्थेची जुनी खोड त्यात स्पष्ट दिसते.

गुप्तता पाळण्याची कल्पना आपल्याला नवी नव्हती. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला दिलेल्या उपदेशात, रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर बोलू नयेत, असे बजावले आहे. मात्र हा वैद्याचा धर्म होता, रुग्णाचा हक्क नव्हता. धर्म मोडला तर दाद कोणाकडे मागायची, याचे उत्तर त्यात नव्हते. ब्रिटिश अमलातील कायद्यांनी हा प्रश्न सोडवला नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याने वकील आणि अशील यांच्यातील संभाषणाला संरक्षण दिले, तसे डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातील संभाषणाला दिले नाही. मुंबईत आलेल्या प्लेगनंतर १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि त्या आधारे घरोघर झडत्या घेऊन रुग्ण हुडकले गेले. पुण्यातील त्या झडत्यांचा संताप कोठवर गेला, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. आजार ही सरकारला कळवण्याची बाब आहे, हा विचार कायद्यात तेव्हा पक्का रुजला.

रुग्णाच्या बाजूने पहिली ठोस पावले मुंबई उच्च न्यायालयात पडली. १९९६ मध्ये न्यायालयाने असे म्हटले की, रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकांना केसपेपरच्या प्रती नाकारताना रुग्णालय गुप्ततेची सबब पुढे करू शकत नाही. गुप्तता रुग्णासाठी असते, रुग्णालयाच्या बचावासाठी नव्हे, हा माझ्या मते या सगळ्या इतिहासातील सर्वांत मोलाचा मुद्दा आहे. पुढच्याच वर्षी एका हंगामी कामगाराचे प्रकरण त्याच न्यायालयापुढे आले. वैद्यकीय तपासणीत एचआयव्ही आढळल्यामुळे त्याचे काम गेले होते. न्यायालयाने त्याला नाव उघड न करता केवळ आद्याक्षरांवर खटला चालवण्याची मुभा दिली आणि काम करण्यास सक्षम असलेल्या माणसाला केवळ संसर्गामुळे काढता येणार नाही, असा निकाल दिला. न्याय मागायला जाणाऱ्याने आधी आपले गुपित चव्हाट्यावर मांडावे, ही अट त्यामुळे निदान त्या दालनात तरी सुटली.

सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा निकाल मात्र वेगळ्या दिशेने गेला. एका रुग्णालयाने रक्तदात्याच्या एचआयव्हीची बातमी इतरांना कळू दिली, त्याचे ठरलेले लग्न मोडले आणि त्याला आपला प्रांत सोडावा लागला. गोपनीयतेचा हक्क निरपवाद नाही आणि होणाऱ्या पत्नीचा आरोग्याचा हक्क वरचढ ठरतो, असे सांगून न्यायालयाने त्याची मागणी फेटाळली. पत्नीला धोका होता हे खरेच; पण संबंधित व्यक्तीला सावध करणे आणि साऱ्या गावाला कळणे यातला फरक त्या निकालात पुरेसा जपला गेला नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते. तो फरक २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात आला. जोडीदाराला कोणी, कोणत्या परिस्थितीत आणि समुपदेशनानंतर कसे कळवायचे, हे त्यात नेमून दिले आहे.

दरम्यान, २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने रुग्णाची गुपिते उघड करण्यास मनाई केली, आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपण्यास सांगितले आणि मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या देण्याचे बंधन घातले. पण ही आचारसंहिता नोंदणीकृत डॉक्टरांना लागू होते, आणि केसपेपर काही फक्त डॉक्टरांच्या हाती नसतो. खिडकीवरचा कारकून, एक्स-रेपर्यंत फाईल नेणारे वॉर्डातले मामा, विम्याचे कागद भरणारा माणूस, सर्वांच्या हातून तो जातो. जनरल वॉर्डात राऊंडच्या वेळी निवासी डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी उभे राहून मोठ्याने केस सांगतात, तेव्हा शेजारच्या खाटेवरील बाईचे नातेवाईक ताटातला घास थांबवून ऐकत असतात. फाईलवर लाल शाईने केलेली खूण वाचायला शिक्षण लागत नाही.

ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयता आणि स्वतःच्या नोंदी पाहण्याचा हक्क दिला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, गर्भपात केलेल्या स्त्रीचे नाव कायद्याने अधिकृत नसलेल्या कोणालाही उघड केल्यास डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तरीही कोविडच्या काळात रुग्णांच्या घरांच्या दारांवर, आत रुग्ण असल्याचे सांगणारे फलक लागलेच. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याबाबत स्पष्ट निर्देश द्यावे लागले.

आता कागदाची जागा संगणक घेत आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा बाह्यरुग्ण विभागापासून प्रयोगशाळेपर्यंतचे काम कित्येक दिवस हाताने करावे लागले. आरोग्याच्या माहितीसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा २०१८ मध्ये मांडला गेला होता, तो कायदा झालाच नाही. त्याऐवजी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्यात सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, परंतु माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांत वैद्यकीय नोंदींना ‘संवेदनशील माहिती’ म्हणून जो वेगळा दर्जा होता, तो या कायद्यात ठेवलेला नाही. क्षयरोगाचा अहवाल आणि दुकानात दिलेला मोबाइल क्रमांक हे त्याच्या दृष्टीने एकाच वर्गात मोडतात.